महाराष्ट्रातील संगणकशास्त्र पदवी शिक्षण

महाराष्ट्रातील संगणकशास्त्र पदवी शिक्षण म्हणजे इयत्ता बारावी किंवा समकक्ष परीक्षेनंतर राज्यातील विद्यापीठे, स्वायत्त संस्था व संलग्न महाविद्यालये यांमध्ये दिले जाणारे संगणकशास्त्र, संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान आणि संगणक उपयोजन या विषयांचे शिक्षण होय. अभियांत्रिकीची बी.ई. किंवा बी.टेक., विज्ञान शाखेची बी.एस्सी. आणि संगणक उपयोजनाची बीसीए या त्यातील प्रमुख पदव्या आहेत. संगणक वापरण्याचे प्रशिक्षण आणि संगणकशास्त्राची पदवी यांत मूलभूत फरक आहे. प्रशिक्षणवर्गात विशिष्ट सॉफ्टवेअर हाताळायला शिकवले जाते. पदवी अभ्यासक्रमात माहिती कशी साठवावी, प्रश्नाची उकल पायऱ्यांत कशी मांडावी, त्या उकलीला किती वेळ व किती स्मृती लागेल आणि कोणत्या प्रश्नांची उकल संगणकाला मुळातच शक्य नाही, हे शिकवले जाते. सॉफ्टवेअर व प्रोग्रामिंग भाषा काही वर्षांत बदलतात. ही तत्त्वे मात्र अनेक दशके टिकून राहिली आहेत.

## इतिहास

संगणकशास्त्र हा स्वतंत्र विद्यापीठीय विषय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. केंब्रिज विद्यापीठाने इ.स. १९५३ मध्ये संगणकाची पदविका सुरू केली, तर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात इ.स. १९६२ मध्ये संगणकशास्त्राचा विभाग स्थापन झाला. असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संघटनेने इ.स. १९६८ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा पहिला सविस्तर आराखडा प्रसिद्ध केला. त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे वेळोवेळी निघाल्या, इ.स. २०२३ची आवृत्ती त्यांपैकी अलीकडची आहे.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक देशातच तयार करण्यात आला. तो इ.स. १९६० मध्ये पूर्ण झाला आणि इ.स. १९६२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे नामकरण केले. इ.स. १९६३ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आयबीएम १६२० हा संगणक आला आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग शिकवण्यास तेथे प्रारंभ झाला.

महाराष्ट्रात या शिक्षणाचा प्रसार होण्यास इ.स. १९८३ मधील एक धोरणात्मक निर्णय कारणीभूत ठरला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्य शासनाने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे अभियांत्रिकीच्या जागा वाढल्या आणि संगणक शाखा मोठ्या शहरांबाहेर पोहोचली. इ.स. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झालेला परम ८००० हा महासंगणक इ.स. १९९१ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या आर्थिक उदारीकरणानंतर सॉफ्टवेअर उद्योग वाढला आणि बी.एस्सी. व बीसीए या पदव्यांनाही मागणी आली.

## पदव्यांचे प्रकार

* बी.ई. किंवा बी.टेक. – चार वर्षांचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम. संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्स अशा शाखा असतात. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र व अभियांत्रिकीची मूलतत्त्वे शिकवली जातात.
* बी.एस्सी. (संगणकशास्त्र) – विज्ञान शाखेचा अभ्यासक्रम. गणित, अल्गोरिदम व संगणकाची सैद्धांतिक बाजू यांवर भर असतो.
* बी.एस्सी. (माहिती तंत्रज्ञान) – नेटवर्क, डेटाबेस, वेब व माहिती प्रणालींचे व्यवस्थापन यांवर भर असतो. मुंबई विद्यापीठाच्या अनेक संलग्न महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम आहे.
* बीसीए – संगणक उपयोजनाची पदवी. सॉफ्टवेअर निर्मिती आणि व्यवसायातील संगणकाचा वापर यांकडे तिचा कल असतो.

नावे वेगळी असली तरी या पदव्यांचा गाभा बराच समान आहे. प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, कार्यप्रणाली, डेटाबेस व नेटवर्क हे पाच विषय जवळजवळ सर्वत्र असतात. गणिताची खोली, हार्डवेअरचे प्रमाण, कालावधी आणि शुल्क यांत फरक असतो.

## प्रवेश

अभियांत्रिकीसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित आवश्यक असते. राज्यातील प्रवेश प्रामुख्याने राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या एमएचटी-सीईटी परीक्षेद्वारे व केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होतात. भारतीय तंत्रज्ञान संस्थांसाठी जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षा द्यावी लागते. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनातील पदविका पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधरांसाठीही हा मार्ग उपलब्ध आहे.

बी.एस्सी. (संगणकशास्त्र) व बी.एस्सी. (माहिती तंत्रज्ञान) या पदव्यांसाठी परंपरेने बारावीला गणित असणे अपेक्षित राहिले आहे. अकरावीत गणित सोडून केवळ जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याचे पर्याय त्यामुळे वयाच्या सोळाव्या वर्षीच कमी होतात.

बीसीए हा अभ्यासक्रम इ.स. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्यात त्यासाठी प्रथमच सामायिक प्रवेश परीक्षा घेण्यात आली. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळेल असे गृहीत धरलेल्या अनेक विद्यार्थ्यांपर्यंत हा बदल वेळेत पोहोचला नाही. जागा रिक्त राहण्याची शक्यता दिसल्याने त्याच वर्षी अतिरिक्त परीक्षाही घ्यावी लागली. त्याच वर्षापासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत लागू केली. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना मिळते. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशांना मिळत नाही.

## अभ्यासक्रमाची रचना

अभ्यासक्रम सत्रांमध्ये विभागलेला असतो आणि प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या इ.स. २०१८च्या नमुना अभ्यासक्रमात अभियांत्रिकी पदवीसाठी १६० श्रेयांक आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार बी.एस्सी.सारख्या पदव्यांना तीन वर्षांत १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक आहेत. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन अटींसह बाहेर पडण्याची मुभा आहे. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, कौशल्याधारित विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांचाही समावेश असतो. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना इ.स. २०२४-२५ पासून लागू झाली.

## विद्यार्थी काय शिकतात

संगणकशास्त्रातील बहुतेक संकल्पना परिचित परिस्थितीतून समजावून देता येतात. रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील कोलाड हे कुंडलिका नदीकाठचे गाव मुंबई–गोवा महामार्गावर असून कोकण रेल्वेवरील रोह्यानंतरचे पहिले स्थानक आहे. पुढील काही उदाहरणे याच परिसरातील आहेत.

### प्रोग्रामिंग

पहिल्या वर्षी सी, सी++, जावा किंवा पायथन यांपैकी एखादी भाषा शिकवली जाते. चल, अट, आवर्तन व फलन या रचना कोणत्याही भाषेत जवळपास सारख्याच असतात. मजकूर हाताळताना संगणकातील अक्षर आणि वाचकाचे अक्षर एकच नसते, हे विद्यार्थ्याला कळते. ‘कोलाड’ या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र क, ओकार, ल, आकार व ड अशी पाच चिन्हे असतात आणि यूटीएफ-८ पद्धतीत ती १५ बाइट जागा घेतात. शब्द उलटा करणारा साधा प्रोग्राम ही पाच चिन्हे उलट क्रमाने लावून ‘डालोक’ असे उत्तर देतो, कारण मात्रा चुकीच्या व्यंजनांना चिकटतात. अक्षरांनुसार योग्य उत्तर ‘डलाको’ असे आहे. केवळ रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले सॉफ्टवेअर मराठीत का चुकते, हे यातून स्पष्ट होते.

### डेटा स्ट्रक्चर व अल्गोरिदम

माहितीची मांडणी म्हणजे डेटा स्ट्रक्चर आणि उकलीच्या पायऱ्यांचा निश्चित क्रम म्हणजे अल्गोरिदम. या विषयात उत्तर बरोबर येणे पुरेसे नसते. ते किती कष्टांत येते हेही मोजले जाते. १० लाख नावांच्या यादीत एक नाव क्रमाने शोधल्यास १० लाख तुलना कराव्या लागू शकतात. यादी वर्णानुक्रमे लावलेली असेल, तर दर वेळी मधले नाव पाहून अर्धी यादी वगळता येते आणि जास्तीत जास्त २० तुलना पुरतात. १ लाख नावे क्रमाने लावण्यासाठी बबल सॉर्ट या पद्धतीला सुमारे ५०० कोटी तुलना लागू शकतात, तर मर्ज सॉर्टला सुमारे १७ लाख. संगणक वेगवान केल्याने हा फरक भरून निघत नाही.

मार्ग शोधणे हा याच विषयातील एक अभिजात प्रश्न आहे. कोलाडहून पुण्याला विळे व ताम्हिणी घाटातून जाता येते किंवा वाकण, पाली व खोपोली या मार्गाने जाता येते. गावे हे बिंदू व रस्ते या रेषा मानून प्रत्येक रेषेला किंमत दिली, की एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी इ.स. १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेला अल्गोरिदम सर्वांत कमी खर्चाचा मार्ग देतो. किंमत म्हणून किलोमीटर घेतले तर ताम्हिणीचा मार्ग सरस ठरतो. अतिवृष्टीत घाटात दरड कोसळली असेल आणि किंमत म्हणून वेळ घेतला असेल, तर उत्तर बदलते. अल्गोरिदम दोन्ही वेळा तोच असतो. काय मोजायचे हे माणसाने ठरवायचे असते.

### संगणक रचना व कार्यप्रणाली

द्विमान संख्या, तार्किक परिपथ, प्रक्रियक व स्मृती यांपासून सुरुवात करून एकाच यंत्रावर अनेक प्रोग्राम एकत्र कसे चालतात, येथपर्यंत हा भाग जातो. दोन प्रोग्रामना एकच साधन हवे असल्यास सेमाफोर या युक्तीने त्यांची पाळी लावली जाते. हे नाव रेल्वेच्या हस्तसिग्नलवरून आले असून ही संकल्पनाही डाइक्स्ट्रा यांचीच आहे. कोकण रेल्वेवर रोहा ते वीर हा टप्पा इ.स. २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांपैकी एकीला स्थानकात थांबवून दुसरीला वाट दिली जाते. दोन्ही गाड्या एकाच वेळी मधल्या मार्गावर सोडल्या, तर कोणालाही पुढे जाता येणार नाही. कार्यप्रणालीत अशा कोंडीला डेडलॉक म्हणतात आणि ती कशी टाळावी, कशी ओळखावी व कशी सोडवावी हे विद्यार्थी शिकतात.

### डेटाबेस

एडगर कॉड यांनी इ.स. १९७० मध्ये मांडलेले संबंधात्मक प्रारूप आणि एसक्यूएल ही भाषा या विषयाच्या केंद्रस्थानी असतात. व्यवहाराची अखंडता ही यातील महत्त्वाची कल्पना आहे. रेल्वेच्या शेवटच्या आसनासाठी दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी मागणी झाल्यास ते एकालाच मिळाले पाहिजे. पैसे वजा झाले आणि तिकीट निघाले नाही, अशी अर्धवट स्थिती राहता कामा नये. व्यवहार पूर्ण तरी व्हावा किंवा मुळीच होऊ नये.

### संगणक नेटवर्क

संदेशाचे लहान पुडक्यांत विभाजन, पत्ते, मार्गनिवड आणि सुरक्षितता यांचा अभ्यास केला जातो. टीसीपी हा नियमसंच हरवलेली पुडकी पुन्हा मागवतो, त्यामुळे धारिका अचूक पोहोचते, पण विलंब होऊ शकतो. यूडीपी पुन्हा मागवत नाही. थेट संभाषणात मागाहून आलेल्या आवाजाचा उपयोग नसल्याने तेथे तो सोयीचा ठरतो.

### सैद्धांतिक संगणकशास्त्र व गणित

तर्कशास्त्र, संचसिद्धांत, आलेख सिद्धांत, संभाव्यता व रेषीय बीजगणित हे या शाखेचे गणित आहे. सांत ऑटोमेटा या संकल्पनेत ठरावीक अवस्था असलेले कल्पित यंत्र अक्षरमालेची वैधता तपासते. पेण येथील परिवहन कार्यालयाच्या वाहन क्रमांकांची सुरुवात ‘एमएच ०६’ अशी होते. राज्याची दोन अक्षरे, दोन अंक, मालिकेची अक्षरे व शेवटी अंक या क्रमाने आलेला वाहन क्रमांक असे यंत्र स्वीकारते. क्रम मोडल्यास नाकारते. याच विषयात विद्यार्थ्याला संगणकाची मर्यादाही कळते. कोणताही प्रोग्राम थांबेल की अखंड चालत राहील, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारा सर्वसाधारण प्रोग्राम लिहिता येत नाही, या निष्कर्षाचा पाया ॲलन ट्युरिंग यांनी इ.स. १९३६ मध्ये घातला.

### सॉफ्टवेअर अभियांत्रिकी व प्रकल्प

शेवटच्या वर्षी विद्यार्थी गटाने प्रकल्प करतात. त्यात गरजांचे विश्लेषण, आराखडा, लेखन, चाचणी व देखभाल हे टप्पे असतात. गरज नीट समजून न घेतल्यास बिनचूक लिहिलेला प्रोग्रामही निरुपयोगी ठरतो. कुंडलिका नदीतील राफ्टिंग भिरा जलविद्युत केंद्रातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. त्याच्या नोंदणीचे सॉफ्टवेअर करताना केवळ नावा व जागा मोजून चालणार नाही. पाणी न सोडल्यास त्या दिवसाच्या नोंदणीचे काय करायचे, हेही आधी विचारावे लागते.

## रायगड जिल्हा व कोलाड परिसर

रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. पेण, रोहा, माणगाव व अलिबाग येथील पारंपरिक पदवी महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत. तंत्रशिक्षणाच्या दृष्टीने जिल्ह्यातील महत्त्वाची संस्था म्हणजे माणगाव तालुक्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. इ.स. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीची पदवी मिळते. इ.स. २०१४च्या कायद्यानंतर ते राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देणारे विद्यापीठ झाले.

कोलाडहून रोहा सुमारे १३ किलोमीटर, तर मुंबई सुमारे १२० किलोमीटर अंतरावर आहे. लोणेरे महामार्गावर माणगावच्या पुढे आहे. त्यामुळे या परिसरातील विद्यार्थ्यांपुढे जवळच्या महाविद्यालयात रोज ये-जा करून शिकणे किंवा पनवेल, मुंबई, पुणे येथे वसतिगृहात राहणे असे पर्याय असतात. दुसऱ्या पर्यायात शिक्षण शुल्काइतकाच निवासाचा खर्च निर्णायक ठरतो. भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या एनपीटीईएल व्याख्यानमाला आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या मराठीतही उपलब्ध असलेल्या स्पोकन ट्युटोरियल ध्वनिचित्रफिती विनामूल्य असल्याने हे अंतर काही प्रमाणात कमी झाले आहे. प्रयोगशाळा, सहाध्यायी व प्रकल्पाचे मार्गदर्शन यांना मात्र त्या पर्याय ठरत नाहीत.

## शिक्षणाचे माध्यम

पदवी स्तरावर पाठ्यपुस्तके व परीक्षा बहुतांशी इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात विषय आणि भाषा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आत्मसात कराव्या लागतात. इ.स. २०२१-२२ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणास मान्यता दिल्यावर पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला. अन्य ठिकाणी वर्गातील स्पष्टीकरण मराठीत आणि संज्ञा इंग्रजीत अशी मिश्र पद्धत आढळते.

## मूल्यमापन व मर्यादा

सत्रान्त लेखी परीक्षा, अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक, जर्नल व तोंडी परीक्षा यांद्वारे मूल्यमापन होते. लेखी परीक्षेत प्रोग्राम कागदावर लिहावा लागतो. त्यामुळे तो समजून घेण्याऐवजी पाठ करण्याची प्रवृत्ती वाढते, असा आक्षेप घेतला जातो.

प्रयोगशाळेतील साधने कालबाह्य असणे ही दुसरी मर्यादा आहे. टर्बो सी++ हा १९९०च्या दशकातील कंपायलर अनेक महाविद्यालयांत पुढील दशकांतही वापरात राहिला. त्यात पूर्णांकाला दोन बाइट जागा मिळे, म्हणून ३२,७६७ मध्ये १ मिळवल्यास उत्तर उणे ३२,७६८ येई. आजच्या बहुतेक कंपायलरमध्ये पूर्णांकाला चार बाइट मिळतात. ‘पूर्णांक दोन बाइटांचा असतो’ हे पाठ केलेल्या विद्यार्थ्याचे ज्ञान त्यामुळे चुकीचे ठरले. ‘ठरावीक जागेत ठरावीक संख्याच मावते’ हे समजलेल्या विद्यार्थ्याचे ज्ञान मात्र उपयोगी राहिले.

प्रोग्राम लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे हाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला आहे. जर्नलमधील प्रोग्राम विद्यार्थ्याने स्वतः लिहिला आहे का, हे आता केवळ जर्नल पाहून कळत नाही. साधनाने दिलेली उकल बरोबर आहे का, ती मोठ्या माहितीसाठी चालेल का आणि कोणत्या परिस्थितीत चुकेल, हे तपासण्यासाठी अल्गोरिदम, डेटाबेस व कार्यप्रणाली यांचे ज्ञान लागतेच. त्यामुळे तोंडी परीक्षा व प्रकल्पाच्या सादरीकरणाचे महत्त्व वाढले आहे.

## पदवीनंतरच्या संधी

अभियांत्रिकी पदवीधरांना गेट परीक्षेद्वारे एम.टेक.ला प्रवेश घेता येतो. बी.एस्सी. व बीसीए पदवीधर प्रामुख्याने एम.एस्सी. किंवा एमसीए करतात. एमसीएचा कालावधी इ.स. २०२०-२१ पासून तीनऐवजी दोन वर्षांचा आहे. सॉफ्टवेअर विकास, चाचणी, डेटाबेस व नेटवर्क व्यवस्थापन, माहिती विश्लेषण, बँका, शासकीय सेवा व अध्यापन ही रोजगाराची प्रमुख क्षेत्रे आहेत. उद्योगात वापरली जाणारी साधने पदवीच्या काळात शिकलेल्या साधनांहून बहुधा वेगळी असतात आणि पुढेही बदलत राहतात. ती स्वतः शिकून घेण्याची क्षमता हे या शिक्षणाचे प्रमुख फलित मानले जाते.

## हे सुद्धा पहा

* संगणकशास्त्र
* अल्गोरिदम
* युनिकोड
* डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ
* मुंबई विद्यापीठ
* कोलाड
* कोकण रेल्वे